चिमट्याचा ओरखडा

"हितली काढली, तर मग तिथं कशी आली?" मामाने विचारलं.

मामा सांगोल्याचा. एसटीत कंडक्टर होता आणि आयुष्यभर विडी ओढली. लघवीतून रक्त आलं तेव्हा 'उष्णता झाली आसंल' म्हणून महिनाभर धने-जिऱ्याचं पाणी पीत बसला. मग दुर्बीण घालून तपासलं तर मूत्राशयाच्या डाव्या भिंतीला गाठ. तीही दुर्बिणीतूनच खरवडून काढली. नऊ महिन्यांनी तपासणीत उजव्या भिंतीला दुसरी दिसली. डॉक्टर म्हणाले, ही परत येतेच, म्हणून तर दर तीन महिन्यांनी बघतो. 'परत येते' हे मामाला कळलं होतं. त्याला 'तिथं कशी' हे हवं होतं. भाची पुण्यात कर्करोगावर पीएचडी करते म्हटल्यावर त्याने तो प्रश्न माझ्या ताटात वाढला.

पुस्तकातलं उत्तर मला येत होतं. खरं तर उत्तरं दोन आहेत. पहिलं, गाठीतल्या पेशी सुट्या होऊन लघवीत तरंगतात आणि दुसरीकडे जाऊन रुजतात. दुसरं, त्या अस्तराच्या आतूनच सरपटत जातात, वाटेतल्या निरोगी पेशींना हुसकावत. १९९२ साली चार बायकांच्या मूत्राशयांतल्या वेगवेगळ्या गाठी तपासल्या गेल्या. प्रत्येक बाईच्या शरीरातल्या सगळ्या गाठी एकाच मूळ पेशीच्या वंशातल्या निघाल्या. म्हणजे नव्या गाठी आपल्या आपण उगवलेल्या नव्हत्या, जुनीच लेकरं घर बदलून गेली होती. पण तरंगत गेली की सरपटत, ते त्यातून कळत नाही. ते बघायचं तर निरोगी अस्तर आणि कर्करोगाच्या पेशी एकाच ताटलीत आणून समोरासमोर बसवायला हव्यात.

मी तोवर मॅडमकडे दुसऱ्याच कामावर होते. एका प्रथिनाचे पट्टे मोजायचे, रोज तेच. मी हा विषय काढला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "कर. पण अस्तर कुठून आणणार?" या एका वाक्याने माझं दीड वर्ष खाल्लं.

कर्करोगाच्या पेशी मिळणं सोपं असतं. त्या गोठवलेल्या कुप्यांत मिळतात आणि दाणा-पाणी दिलं की वाढतात. मी दोन निवडल्या. एक टी-२४. ही १९७० साली स्वीडनमधल्या ८१ वर्षांच्या एका बाईच्या गाठीतून वाढवली. प्रयोगशाळेच्या जगात ती फार मोठी असामी आहे. १९८२ मध्ये माणसाच्या कर्करोगातलं पहिलं बिघडलेलं जनुक एका अक्षराच्या फरकापर्यंत शोधलं गेलं, ते हिच्यात. एचरास नावाच्या जनुकात जी च्या जागी टी, तेवढ्याने प्रथिनातलं बारावं ग्लायसिन जाऊन व्हॅलिन आलं. दुसरी आरटी-४, लंडनमधली, ६३ वर्षांच्या पुरुषाच्या सौम्य गाठीतली. दोघींचा स्वभाव पहिल्याच आठवड्यात कळतो. टी-२४ दिवसाभरात दुप्पट होते, पसरते, एकमेकींना फारशी धरत नाही. आरटी-४ संथ. तिची घट्ट बेटं होतात, पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन घालून वाट बघत बसलं तरी सुटत नाही, शेवटी पिपेटने दहा-दहा वेळा वरखाली करावं लागतं. कारण आरटी-४ च्या अंगावर ई-कॅडहेरिन भरपूर असतं आणि टी-२४ वर जवळपास नाही. ई-कॅडहेरिन म्हणजे शेजारणीचा हात धरायचं प्रथिन. रॉटरडॅममधल्या एका गटाने १९९४ सालीच मांडलं होतं की मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशी निरोगी अस्तराची जागा कोणत्या पद्धतीने घेतात, ते या प्रथिनावर ठरतं. तो लेख मी इतक्यांदा वाचला की प्रिंटआउटच्या घड्या फाटल्या.

टी-२४ वापरायची तर आधी तिची जात तपासून घ्यावी लागते. तिच्या वाढीच्या जोरामुळे ती जगभर दुसऱ्यांच्या बाटल्यांत घुसली आहे. ईसीव्ही-३०४ नावाच्या पेशी कित्येक वर्षं नाळेच्या रक्तवाहिनीच्या म्हणून वापरल्या गेल्या, त्यांच्यावर ढिगाने लेख निघाले, आणि शेवटी डीएनएची ओळखपरेड केली तर ती टी-२४. म्हणून मीही माझ्या दोन्ही पेशींचे नमुने आधी ओळखपरेडला पाठवले. लॅबमधल्या एका सीनिअरने चिडवलं, "लग्नाआधी कुंडली?" पाठवल्याचा पश्चात्ताप कधी झाला नाही.

आता अस्तर.

मूत्राशयाचं अस्तर शरीरातल्या सगळ्यात घट्ट अस्तरांपैकी एक. तळाला लहान पेशी, मध्ये मधल्या, आणि लघवीच्या बाजूला छत्री पेशी नावाच्या मोठ्या, पसरट. एकेक छत्री खालच्या कितीतरी पेशींवर पसरलेली असते. तिच्या अंगावर युरोप्लाकिन नावाच्या प्रथिनांच्या फरश्या बसवलेल्या असतात, त्यामुळे लघवी आत झिरपत नाही. हे अस्तर एरवी महिनोन्‌महिने शांत असतं, पेशी क्वचितच विभागतात. पण जखम झाली की दोन-तीन दिवसांत भरून काढतं. ही गोष्ट मी तेव्हा नुसती वाचली होती.

माणसाचं निरोगी अस्तर मिळणं अवघड, म्हणून आधी बकऱ्याकडे वळले. सकाळी सहाला मटणाच्या दुकानात बर्फाचा डबा घेऊन उभी राहायचे. दुकानदाराला वाटलं मी थट्टा करते. "ताई, लघवीची पिशवी? ती तर टाकून देतो आम्ही." मग दर बुधवारी तो ती बाजूला ठेवायला लागला आणि पैसे घेईना. आठवड्यातून एकदा मी ते घेऊन बसने लॅबमध्ये, मांडीवर डबा. धुवायचं, अँटिबायोटिकच्या द्रावणात बुडवायचं, पुन्हा धुवायचं, अस्तर खरवडायचं, पेरायचं. आणि शुक्रवारी बघावं तर बुरशी. बुरशी नसली की तळाच्या तंतुपेशी इतक्या माजायच्या की अस्तराच्या पेशी त्यांच्यात हरवून जायच्या. एकदाच चांगली वाढली. तिच्यावर मी हिरवा रंग प्यायलेल्या टी-२४ सोडल्या. तो रंग दर विभागणीला निम्मा होतो. आठव्या दिवशी हिरवं काही उरलंच नाही. काचेखाली नुसत्या पेशी, बकऱ्याची कुठली आणि बाईची कुठली मला ओळखता येईना. त्या दिवशी दुकानदाराला सांगून आले की आता नको. त्याने अर्धा किलो खिमा फुकट दिला. का, ते त्यालाच माहीत.

मॅडमनी मग उंदराचं सुचवलं. त्यातली मेख मला नंतर कळली. हेक्स्ट नावाचा निळा रंग डीएनएला चिकटतो. त्यात उंदराच्या पेशीचं केंद्रक बघितलं तर आत दहा-पंधरा झगमगीत ठिपके दिसतात, कारण उंदराच्या गुणसूत्रांच्या एका भागात तेच ते अक्षरांचं पालुपद साठलेलं असतं आणि रंग तिथे गच्च बसतो. माणसाचं केंद्रक मात्र सारखं निळं, धुतलेल्या आभाळासारखं. म्हणजे वेगळा रंग पाजायला नको, की तो फिका पडायची भीती नको. कितीही पिढ्या गेल्या तरी उंदीर ठिपक्यांचा आणि माणूस बिनठिपक्याचा.

उंदरांसाठी नैतिकता समितीची परवानगी लागते. मला पाच महिने लागले, एकदा अर्ज परत आला, कारण एका रकान्यात 'लागू नाही' लिहायच्या जागी मी रेघ ओढली होती. माझ्या कामासाठी वेगळे उंदीर मारायचे नव्हते. शेजारच्या गटाचे प्रयोग संपले की त्यांच्या उंदरांची मूत्राशयं मला मिळायची. त्यामुळे माझा दिवस त्यांच्या दिवसावर ठरायचा. फोन यायचा, "दहा मिनिटांत ये."

उंदराचं रिकामं मूत्राशय हरभऱ्याच्या दाण्याएवढं असतं. ते उभं चिरायचं, मऊ सिलिकॉन ओतलेल्या ताटलीत कीटक टोचायच्या बारीक टाचण्यांनी ताणून बसवायचं, सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिमट्यांनी अस्तर स्नायूपासून सोलायचं. पिकलेल्या टोमॅटोची साल निघते तसं निघतं, पण पहिल्या दहा वेळा मी साल आणि गर दोन्ही फाडले. मग त्याचे दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे, प्रत्येक तुकडा एका बारीक छिद्रांच्या पडद्यावर, अस्तराची बाजू वर. इथे सगळ्यांना चुकायला होतं: मीडियम, म्हणजे पेशींना वाढवणारं पोषक द्रावण, ओतायचं नाही. तीन-चार थेंबच. तुकडा तरंगला तर तो कधीच चिकटत नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं की तुकड्याच्या कडेने पेशींची झालर बाहेर पडलेली दिसते, आणि दहा-बारा दिवसांत तुकड्याभोवती चवलीएवढी तबकडी तयार होते, मध्ये दोन-तीन थरांची.

पहिली नीट तबकडी झाली तेव्हा मी मॅडमना घेऊन आले. त्यांनी बघितलं, म्हणाल्या, "छान. आता हिला त्रास दे."

त्रास द्यायच्या दोन तऱ्हा मी ठरवल्या, मामाच्या प्रश्नाच्या दोन उत्तरांसारख्या. एक, शेजारून. कर्करोगाच्या पेशींचा घट्ट थेंब तबकडीच्या बाजूला ठेवायचा आणि दोन्ही वाढत एकमेकांना भिडू द्यायच्या. ही सरपटणारी वाट. दुसरी, वरून. सुट्या पेशी तयार तबकडीवर सोडायच्या, दिवसभर ठेवायच्या, धुवायच्या आणि काय रुजलं ते मोजायचं. ही तरंगणारी वाट.

शेजारच्या वाटेचं आधी सांगते, कारण तिथे मला वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी दिसलं.

आरटी-४ आणि उंदराचं अस्तर भिडल्यावर तीन दिवस काहीच होत नाही. दोन बांध एकमेकांना टेकून उभे. चौथ्या-पाचव्या दिवशी सीमारेषा सरकायला लागते, पण सबंध रेषाच्या रेषा. वरून बघितलं तर वाटतं ढकलाढकली चालली आहे. ढकलाढकली नाही हे मला कळलं ते आमच्या हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे पेशींचे पातळ काप काढून तपासणाऱ्या विभागातल्या, काकांमुळे. मी पडदे मेणात बसवून त्यांच्याकडे नेले. त्यांनी पहिला ठोकळा बघून तो तसाच परत दिला. "पोरी, आडवा बसवलायस. असा कापला तर मला तुझ्या पेशींची टकलं दिसतील. उभा बसव." उभा बसवून चार मायक्रॉनचे काप काढले, रंगवले, आणि सगळं चित्रच बदललं. आरटी-४ ची फळी उंदराच्या अस्तराच्या खालून शिरली होती. पाचरीसारखी. तळाच्या पेशी पडद्यापासून सुटलेल्या, वरच्या थरासकट उचललेल्या. सारवलेल्या जमिनीचा पोपडा कडेने सुटून वर येतो ना, तसा. वरून बघणाऱ्याला वाटावं की उंदीर अजून तिथेच आहे, आणि पायाखालची जमीन कधीच गेलेली.

पुढे मी मीडियममध्ये तरंगणारा कचरा, जो रोज ओतून टाकत होते, तो गोळा करून हेक्स्टने रंगवला. ठिपक्यांची केंद्रकं. पोपडे सुटून पडत होते, ते मी सहा महिने सिंकमध्ये घालवले होते.

टी-२४ चं सगळंच वेगळं. तिथे फळी नाही, रेषा नाही. भिडल्यावर दोन दिवसांत उंदराच्या ठिपक्यांच्या गर्दीत मध्येच एक स्वच्छ निळं केंद्रक, मग तिसऱ्या ओळीत आणखी एक, मग पार आत दोन. मामाला हे समजावताना मला त्याच्याच धंद्यातला दाखला सापडला. आरटी-४ म्हणजे शाळेची सहल, हात धरून एकदम गाडीत शिरणार आणि बसलेल्यांना उठवणार. टी-२४ म्हणजे गच्च भरलेल्या गाडीतला कंडक्टर. कुणाला न उठवता, खांदा तिरका करून, मागच्या बाकापर्यंत. मामा खूश झाला. "म्हंजी म्याच कॅन्सर व्हय?" म्हणाला.

आता ज्या दोन आपत्तींनी माझं वर्ष घालवलं त्यांचं थोडक्यात.

पहिली अनंत चतुर्दशीला. पेशी उबेला ठेवायचं कपाट, म्हणजे इन्क्युबेटर, त्याच्या कार्बन डायऑक्साइडच्या टाकीचा वॉशर गळत होता. टाकी दुपारी संपली. राखीव टाकी आधीच संपलेली, ती बदलायचं कुणीतरी विसरलेलं (मीच). पुण्यात त्या दिवशी विसर्जनाची मिरवणूक, रस्ते बंद, टाकीवाला म्हणाला, "परवा सकाळी. गणपती आधी जाऊ दे." कार्बन डायऑक्साइड गेला की मीडियमचा आम्लपणा जातो आणि त्यातला रंग सोलकढीच्या गुलाबीवरून जांभळा व्हायला लागतो. मी ते जांभळं होताना बघत बसले, बाहेर ढोल. शेवटी ताटल्या मेणकापडाच्या पट्टीने बंद करून हवाबंद डब्यात घातल्या आणि त्यात मेणबत्ती लावून झाकण लावलं. ही जुनी युक्ती आहे, मेणबत्ती विझेपर्यंत डब्यात थोडा कार्बन डायऑक्साइड साठतो. निम्म्या तबकड्या वाचल्या.

दुसरी जास्त वाईट. एका सकाळी टी-२४ च्या पेशींत ठिपके दिसले. माणसाच्या पेशींत. माझी सगळी इमारत 'माणूस बिनठिपक्याचा' या एका वाक्यावर उभी होती. मी अर्धा तास खुर्चीत तशीच बसले. मग भिंग वाढवलं. ठिपके केंद्रकात नव्हते. केंद्रकाबाहेर, पेशीभर, मोहरी सांडावी तसे. मायकोप्लाझ्मा. हा जंतू मीडियम गढूळ करत नाही, त्याला पेशीभित्तिकाच नाही म्हणून पेनिसिलिनला दाद देत नाही, आणि पेशींचं वागणं गुपचूप बदलतो. एका मैत्रिणीकडून घाईत आणलेल्या, न तपासलेल्या कुपीतून तो आला होता. कुंडली बघितली होती, ताप बघितला नव्हता. सगळं ऑटोक्लेव्ह केलं, म्हणजे दाबाच्या वाफेत मारून टाकलं, सात आठवड्यांचं काम. मागचे कोणते निकाल स्वच्छ आणि कोणते नाहीत हे ठरवायला आणखी महिना गेला. साठवलेले जुने नमुने एकेक करून तपासले. त्यानंतर माझ्या वहीत दर पंधरा दिवसांनी एक ओळ आहे: 'मायको निल'.

वरच्या वाटेचं, म्हणजे तरंगणाऱ्या पेशींचं, काम या सगळ्यानंतर सुरू झालं आणि सुरुवातीला ते कंटाळवाणं होतं, कारण काही रुजतच नव्हतं. तबकडीवर टी-२४ सोडा, दिवसाने धुवा, बघा: सगळ्या वाहून गेलेल्या. तबकडीच्या बाहेर, उघड्या पडद्यावर मात्र रांगोळीच्या कडेसारखं त्यांचं वर्तुळ. अखंड अस्तरावर त्यांना पाय टेकायला जागा नसावी असंच दिसत होतं. बारा पडद्यांची एक खेप होती, त्यातल्या दहांवर काही नाही. दोन पडद्यांवर मात्र तबकडीच्या मध्यावर पेशींची दाट बेटं. मी खूप हुरळले. फोटो काढले, मॅडमना रात्री दहा वाजता पाठवले. सकाळी त्यांचं उत्तर: "बेटं एका रेषेत का आहेत?"

बेटं खरंच एका रेषेत होती. दोन्ही पडद्यांवर. आणि दोन्ही रेषांना जोडीदार, समांतर, मिलिमीटरभर अंतरावर दुसरी पुसट रेघ. मी माझ्या चिमट्याकडे बघितलं. त्याचं एक टोक किंचित वाकलेलं होतं. मीडियम बदलताना तुकडा सरकतोय असं वाटून मी त्या दोन पडद्यांवर चिमटा टेकवला होता. वहीत लिहिलं नव्हतं, पण आठवत होतं.

मी ती खेप बाद केली. चुकीचा नमुना म्हणून वहीत लाल रेघ मारली आणि तीन आठवडे विसरूनही गेले. मग एका संध्याकाळी मामाच्या शस्त्रक्रियेचे कागद लावत होते. दुर्बिणीतून गाठ खरवडल्यावर लगेच मूत्राशयात सोडलेल्या औषधाची पावती त्यात होती. ही पद्धत रूढ आहे. गाठ काढल्यावर पहिल्या २४ तासांत, शक्य तितक्या लवकर, मायटोमायसिनसारखं औषध एकदा नळीतून आत सोडतात, त्याने योग्य रुग्णांत गाठ परत येण्याचं प्रमाण घटतं. कारण असं सांगतात की खरवडताना सुट्या झालेल्या पेशी लघवीत तरंगत असतात आणि आत ताजी जखम असते. ताजी जखम. मी उठून वही उघडली, लाल रेघ बघितली.

पुढचे चार महिने मी तबकड्यांना मुद्दाम ओरखडे काढले. वाकड्या चिमट्याने नाही, पिपेटच्या टोकाने, सारख्या दाबाने, ओळीने. ताज्या ओरखड्यावर सोडलेल्या टी-२४ दर खेपेला रुजल्या. ओरखड्याबाहेर जवळजवळ नाहीच. मग वेळ बदलला. उंदराचं अस्तर ओरखडा भरायला दोन्ही कडांनी धावतं, एखाद्या दिवसात फट बुजते. बुजल्यावर सोडलेल्या पेशी पुन्हा वाहून जायच्या, जशा अखंड तबकडीवरून जायच्या. आणि जिथे दोघं एकाच वेळी फटीत उतरले, तिथे शर्यत लागायची. इतके दिवस मी कर्करोगाच्या पेशी काय करतात तेच बघत होते. या फटीत मला पहिल्यांदा दिसलं की निरोगी पेशी किती वेगाने येतात यावरही सगळं ठरतंय. काही फटींत उंदीर आधी पोहोचले आणि टी-२४ ची चार-पाच पेशींची टोळी चहूकडून वेढली गेली. काही ठिकाणी ती वर उचलून बाहेरही टाकलेली दिसली.

हे वाचनात होतं, दुसऱ्या प्राण्यांतलं. १९७५ साली माद्रिदमध्ये फळमाशीच्या पंखात दिसलं होतं की संथ वाढणाऱ्या पेशी एकट्या असतील तर जगतात, पण निरोगी शेजारणी असतील तर त्यांच्याकडून संपवल्या जातात. २००९ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत दिसलं की बिघडलेलं रास (एचरास ज्या घराण्यातलं, ते जनुक) असलेली एखादी पेशी निरोगी शेजारणींनी वेढली की ती थरातून वर फेकली जाते. शेजारणी नसतील तर नाही. टी-२४ मध्ये बिघडलेलं रास आहेच. पण ती त्याशिवाय इतर दहा गोष्टींनी बिघडलेली आहे, म्हणून माझ्या फटीतलं फेकणं आणि ते फेकणं एकच, असं मी प्रबंधात लिहिलं नाही. लिहायचा मोह फार झाला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न तीन प्रकारे विचारला. "तुमच्या मूत्राशयात मूत्र कुठे आहे?" बरोबर होतं. मी करून बघितलं होतं: अर्धं मीडियम, अर्धी गाळलेली लघवी (कुणाची ते विचारू नका). दुसऱ्या दिवशी तबकडी उठून गेली. माझ्या अस्तरावर पुरत्या वाढलेल्या छत्र्या नव्हत्या, लघवी सोसायची ताकद त्यांच्यात असते. शिवाय मूत्राशय भरतं, ताणतं, रिकामं होतं, माझा पडदा जागचा हलत नाही. पांढऱ्या पेशी नाहीत. आणि उंदराने माणसाचा हात धरला तर तो माणसासारखाच धरतो का, हा प्रश्न तर आहेच. परीक्षक शेवटी म्हणाले की हे मूत्राशय नाही, पण ओरखडा मात्र खरा आहे. मी ते वहीत लिहून ठेवलं.

मामाला आता सहा आठवड्यांचा बीसीजीचा कोर्स चालू आहे, दर सोमवारी. क्षयाची लस नळीने मूत्राशयात. पहिल्या दिवशी तो नर्सला म्हणाला, "ही तर दंडावर टोचत्यात." गेल्या रविवारी मी सांगोल्याला गेले तेव्हा त्याला फोनवर फोटो दाखवला. निळ्या केंद्रकांची गर्दी, मध्ये ओरखड्याची पट्टी. त्याने चष्मा कपाळावर चढवून फोन नाकाजवळ नेला.

"ह्या ठिपक्याच्या?"

"उंदराच्या."

"आन् ह्या साध्या?"

"माणसाच्या. एका बाईच्या. स्वीडनची होती, ८१ वर्षांची. पन्नास वर्षांपूर्वी."

त्याने बराच वेळ बघितलं. बोटाने पट्टीवरून अलगद रेघ ओढली, तर फोटो सरकून पुढचा आला, माझ्या ज्युनिअरच्या वाढदिवसाचा केक.

"म्हंजी बाई गेली आसंल कवाच," मामा म्हणाला, "आन् पेशी हिंडत्यात पुण्यात."

मग फोन परत दिला आणि मामीला चहा टाकायला सांगितलं.